दोन इंच कापलेला पूल

मित्रांनो, मी एक जुनं चित्र आहे असं सांगायचा मोह होतो, पण खोटं कशाला बोलू? जुनं चित्र जपानात आहे, लाकडी ठशांनी छापलेलं. मी त्याची नक्कल. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका दुकानात, एका लग्नाच्या बॅनरनंतर लगेच मी मशीनमधून बाहेर पडलो. त्यामुळे माझ्या आभाळाच्या कोपऱ्यात थोडा गुलाबी रंग आहे. लोक त्याला सूर्यास्त म्हणतात. तो नवरदेवाचा फेटा आहे.

माझ्यात एक लाकडी पूल आहे आणि मुसळधार पाऊस आहे. पुलाच्या मधोमध गवताचं इरलं पांघरून, मान खाली घालून एक माणूस चाललाय. छापल्यापासून चाललाय. इतर जपानी चित्रांत लोक चहा पितात, फुलं बघतात. माझ्यात टेकायलाही जागा नाही. माझा जीव थाऱ्यावर नसतो तो त्यामुळेच.

मला भावनाने आणलं. बदलापूरला हेंद्रेपाड्यात त्यांचं नवं घर झालं होतं आणि मोबाईलवर बघून बघून तिने हॉल जपानी करायचं ठरवलं होतं. जपानी म्हणजे नेमकं काय, असं तिच्या बाबांनी, बुद्धभूषणनी, विचारलं. सामान कमी, असं तिने सांगितलं. ते लगेच तयार झाले.

फ्रेमवाल्याकडची तयार फ्रेम माझ्यापेक्षा दोन इंच लहान निघाली. "बेटा, दो इंच में क्या है," तो म्हणाला. "पूल तो पूल है. इधर से भी, उधर से भी." आणि पट्टी ठेवून त्याने माझी डावी कड उडवली. तिथे काय होतं ते मला आता आठवत नाही, कारण आठवणही त्या कडेबरोबरच गेली. एवढंच कळतं की तेव्हापासून माझा पूल थेट फ्रेमच्या लाकडात शिरतो.

भिंतीवर लागलो त्याच दिवशी भावनाची आजी, रखमा, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने पदर सावरला आणि हळूच विचारलं, "आवो, इतकी वर्सं कुठं होता?"

तिचा नवरा धोंडिबा वांगणीचा. तरुणपणी एका पावसात इरलं घेऊन तो ओढ्यावरच्या लाकडी साकवावरून पलीकडच्या शेतावर गेला, तो परत आला नाही. साकवही वाहून गेला. माणूस सापडला नाही आणि त्याचा एक फोटोही घरात नव्हता. पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्याच्या स्मरणाच्या दिवशी, दरवर्षी रिकाम्या खुर्चीपुढे मेणबत्ती लागायची.

बुद्धभूषणनी आईला समजवायला सुरुवात केली की हा माणूस जपानी आहे. "इरलं त्यांचंच हाय," ती म्हणाली. "मीच बांधलंवतं." विषय संपला. त्या वर्षापासून मेणबत्ती माझ्यापुढे लागू लागली आणि मला हारही मिळाला. आजोबा जपानला होते का, असं शेजाऱ्यांनी विचारलं. बुद्धभूषणनी कंटाळून हो म्हटलं. वर्षभरात सोसायटीने आजोबांना टोकियोच्या पुलावर मुकादम करून टाकलं.

पण आजी रोज विचारायची, "भावने, ह्यो पूल पुढं कुठं जातो गं?" भावना म्हणायची, तिथे फ्रेम संपते. आजी पूल संपतो तिथे बोट टेकवून बघायची. त्या बोटाखाली माझी काच आतून तापायची.

आणि मला दुसरी धास्ती होती. माझ्यासारख्या हजारो नकला आहेत. त्यातली एखादी आजीला दिसली तर मी परत नुसता कागद होणार, आणि तिचा माणूस दुसऱ्यांदा जाणार.

एक दिवस तेच झालं. भावना आजीला कवळी बसवायला अंबरनाथला घेऊन गेली. परत आल्यावर स्वयंपाकघरात तिने बाबांना हळू आवाजात सांगितलं, की दातांच्या दवाखान्यात तेच चित्र आहे. आजी त्याच्यासमोर उभी राहिली ती हलेना. डॉक्टरांनी नाव पुकारलं तरी हलेना.

बुद्धभूषण उठले, स्टूल घेऊन आले. आईला उगाच त्रास नको, काढूनच ठेवतो, म्हणाले. त्यांचा हात माझ्या फ्रेमला लागला.

"थांब," आजी म्हणाली. नव्या कवळीमुळे शब्द खडखडत होते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "जित्तेपनी वांगणीच्या पुढं पाय टाकला नाय. आता मला न सांगता अंबरनाथला दात दाखवाया?"

हसावं की नाही, कुणालाच कळेना.

मग ती भावनाकडे वळली. "तिथं पूल पुरा हाय, बाय. पलीकडं घर हाय. चुलीचा धूर निघतोय." तिने पदराने माझी काच पुसली. "पोचले गं."

स्टूल परत गेलं. आता पुण्यानुमोदनाला मेणबत्ती इथे लागते आणि हार अंबरनाथला जातो. त्या दिवशी दवाखान्यात येणारे पेशंट हार बघून दारातूनच परत फिरतात. डॉक्टरांचा नाइलाज आहे. आजी ऐकत नाही.

माझ्यातला पाऊस काही थांबलेला नाही आणि मी अजूनही खिळ्यावर चुळबुळतो. पण पूल कुठे जातो, हे आता मला कुणी विचारत नाही.

मित्रांनो, चित्र असली असो की नकली, त्याला उन्हात टांगू नका, ओल आलेल्या भिंतीला लावू नका. आणि फ्रेम लहान निघाली तर फ्रेम बदला. दोन इंचच तर आहेत, असं म्हणू नका. त्या दोन इंचांत कुणाचं तरी घर असतं.