तडा भिंतीला, बोल पायाला

पनवेलला तळ्यामागे महादेवशेटचं काळ्या दगडाचं घर होतं. एकसष्ट साली मिठागरांच्या कमाईतून बांधलेलं, चांगलं ऐसपैस. एक्क्याण्णव साली त्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीला बाहेरून तडे गेले. त्यातला एक तर खिडकीच्या कोपऱ्यातून निघून जोत्यापर्यंत उतरला होता. शेटचा भाचा अवधूत नुकताच इंजिनिअर झाला होता, आणि पदवी नवी असली की माणसाला जिथे तिथे रोग दिसतो. पाया खचलाय, घर पाडावं लागेल, असं त्याने बघताक्षणी सांगून टाकलं.

पाया उघडून बघायला नाक्यावरून दोन मजूर आणले. त्यातली एक शुक्री, नेऱ्याकडच्या कातकरीवाडीतली, पन्नाशी उलटलेली. आता योग बघा, हाच पाया तिने आणि तिच्या नवऱ्याने, गोमाने घातला होता. बांधकाम ओळखलं जायचं ठेकेदाराच्या नावाने. बिगाऱ्यांची नावं कोण विचारतो? गोमाला जाऊन आठ वर्षं झाली होती. त्याची स्वतःची कुडाची झोपडी दर दोन पावसाळ्यांनी नवी करावी लागायची. जगात त्याचं म्हणून मागे राहिलेलं काम हे एवढंच. शुक्रीने यातलं काहीही कुणाला न सांगता पहार उचलली आणि खणायला लागली.

खड्डा गुडघाभर झाला तेव्हा, पाया दिसायच्या आधीच, अवधूत वरून वाकून मामाला म्हणाला, "चुना खाल्लेला दिसतोय. पाया घालणारा चोर असणार, मामा."

शुक्रीची पहार थांबली. तिचं डोकं मुळात तापट, वाडीत तिच्या तोंडाला लागायला पुरुष बिचकत. पण या वेळी बोलून काय, दाखवूनच द्यावं म्हणून तिने दुप्पट जोराने खणलं. कंबरभर खोलीवर पायाचे दगड लागले. तिने सांध्यावर पहार हाणली तर पहार टणकन उलटी आली. मग तिने ती अवधूतच्या हातात दिली. त्याने दोन घाव घातले आणि मुंग्या आलेले हात झटकत बसला. तरी दोष आणखी खाली असेल म्हणाला. चूक कबूल करायची नसली की माणूस खोलात शिरतो.

शुक्री खड्ड्यातून वर आली. भिंतीपाशी जाऊन तिने बोटांच्या पेरांनी जोत्यापासून खिडकीपर्यंत ठोकून पाहिलं. सगळीकडे बद्द आवाज, प्लॅस्टर दगडापासून सुटलेलं. तड्याच्या कडेचा प्लॅस्टरचा तुकडा नुसत्या नखाने सुटला. तिने तो जिभेला लावला, थुंकली, आणि उरलेला तुकडा शेटपुढे धरला.

"शेट, चाखा."

शेटने चाखला आणि त्याचा चेहरा उतरला. तीन पिढ्या मिठागरात गेलेल्या माणसाला मिठाची चव सांगायला इंजिनिअर लागत नाही. सहा वर्षांपूर्वी, सगळे सिमेंटचं प्लॅस्टर करून घेताहेत म्हणून त्यानेही दगडी भिंतींवर ते चढवलं होतं. रेती आणली घरच्या मिठागराजवळच्या खाडीतली. गवंडी धुऊन घ्या, नाहीतर मिठाने प्लॅस्टर फुटेल म्हणत होता. शेट म्हणाला, आम्ही जन्मभर खारात उभे राहिलो, आम्हाला काय झालं? हे सगळं त्याने खाली मान घालून स्वतःच सांगितलं, एवढा मोठेपणा त्याच्याकडे होता.

तडा दगडात गेलाय का ते बघायचं तर प्लॅस्टर उतरवा, असं शुक्री म्हणाली. अवधूत घुटमळला. हातोडा शेटनेच घेतला. दुपारपर्यंत पापुद्रे पडून भिंत उघडी झाली. अवधूतने खिडकीपासून जोत्यापर्यंत एकेका सांध्यावरून नख फिरवलं. कुठे केसाएवढी चीर नव्हती. पोरगा अप्रामाणिक नव्हता. आपण चुकलो, पाया शंभर वर्षं हलायचा नाही, असं तो सगळ्यांदेखत म्हणाला.

शुक्री बघतच राहिली. जोत्यावरच्या भिंतीही गोमाच्याच हातच्या. प्रत्येक दगड तीन-तीनदा फिरवून बसवायचा, आणि चुना वाळतोय म्हणून ती त्याच्याशी भांडायची. आता तिचा ऊर भरून आला. एवढा अभिमान तिला आयुष्यात कशाचा वाटला नव्हता.

शेट म्हणाला, "बाई, तुला हे घर पुरतं ठाऊक दिसतंय. हे काम कोणाचं?"

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही वाडीची रीत. रेशनकार्डावर लिहितानाही तिच्या वतीने शेजारणीने सांगितलं होतं. आताही 'आमचा घरवाला' म्हणून भागलं असतं. पण चोर म्हणताना नाव लागत नाही, शाबासकीला लागतं. तिने पदर सारखा केला. कुंपणापाशी जमलेल्या शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असा आवाज लावला.

"गोमा हिलम. ह्यो पाया गोमा हिलमनं घातलाय, आनि चुना मी मलला."

अवधूतने वहीत लिहून घ्यायला नाव पुन्हा विचारलं. तिने पुन्हा घेतलं, आणखी मोठ्याने.