उखर्डूचा आयतवार

जगाच्या फुटबॉलचा इतिहास ज्या दिवशी नीट लिहिला जाईल, त्या दिवशी त्याचे तीन खंड करावे लागतील : युरोप, दक्षिण अमेरिका आणि खानदेश. पहिले दोन कोणीतरी लिहीलच. तिसऱ्याची सगळी कागदपत्रं माझ्याकडे होती, एका फायलीत. ती फाईल १९९३ साली उंदरांनी वाचून संपवली, म्हणून आठवणीवर लिहितो आहे.

१९८६च्या दिवाळीनंतर जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांची मिळून लीग सुरू झाली. विभाग चार. पहिल्या विभागातल्या संघांकडे बूट होते. दुसऱ्यातल्यांकडेही होते, पण आळीपाळीने घालायचे. तिसऱ्या विभागाने बूट पाहिलेले होते. चौथा विभाग माझ्या ताब्यात होता, कारण कमिटीत टाइपरायटर फक्त माझ्याकडे होता.

नियम साधा होता. प्रत्येक विभागात पहिला येईल तो वर जाणार, शेवटचा येईल तो खाली. चौथ्याच्या खाली काही नव्हतं, म्हणून चौथ्यातल्या शेवटच्या संघाचं नावच लीगमधून खोडायचं ठरलं.

या चौथ्या विभागात सावद्याचा संघ होता. तो चुडामणनानांचा. नाना केळीचे व्यापारी. संघातले बाराच्या बारा जण त्यांच्याकडे केळी कापायला, वाहायला, ट्रकमध्ये भरायला असलेले. आता केळीला रविवार कळत नाही. झाडावर घड तयार झाला की तो वार बघत थांबत नाही. त्यामुळे नानांच्या माणसांना सुटी ही फक्त लग्नात आणि तापात मिळायची. पण लीगच्या मॅचेस रविवारी. तेव्हा नानांनी, फार मोठ्या मनाने आणि फार वेळ विचार करून जाहीर केलं की जोपर्यंत संघाचं नाव लीगच्या यादीत आहे, तोपर्यंत या बारा जणांना रविवार माफ. नाव खोडलं गेलं की पुन्हा घड खांद्यावर.

या सवलतीचा सगळ्यात जास्त परिणाम उखर्डूवर झाला. उखर्डू गोलकीपर. वय चाळीस, कामाला लागून वीस वर्षं झालेली. कापणारा कोयता मारायचा, वरून घड सुटायचा आणि उखर्डू तो खांद्यावर झेलायचा. वीस वर्षांत एकही घड त्याने जमिनीवर पडू दिला नव्हता. असा माणूस गोलमध्ये उभा करायचा नाही तर काय करायचं, असं नाना म्हणाले, आणि ते बरोबरच होतं.

पहिल्या रविवारची मॅच सकाळीच होती, ती अकरालाच संपली. उखर्डू घरी आला आणि ओट्यावर बसला. आपल्या घराच्या दारावर दुपारी ऊन येतं, हे त्याला चाळिसाव्या वर्षी समजलं. बायको बेबाबाई शेजारी येऊन बसली. दोघांनी शेंगा फोडल्या. काय बोलायचं हे दोघांनाही सुचेना, कारण दिवसाउजेडी समोरासमोर बसण्याची सवय नव्हती. संध्याकाळपर्यंत सुचलं. दुसऱ्या दिवशी तो ट्रकवरच्या जीवरामला म्हणाला, "आयतवार चांगला असते रे भो. लोकाईनं आपल्याले सांगितलंच नाही."

मात्र ती मॅच ते पाच-शून्य हरले होते.

मॅच नशिराबादला होती. मी स्वतः रेषेवर झेंडा घेऊन उभा होतो, तेव्हा ऐकीव सांगत नाही. नशिराबादच्या फॉरवर्डने पहिला फटका असा मारला की बॉल दिसला नाही, नुसता आवाज आला. उखर्डूने तो अलगद छातीशी घेतला. नशिराबादच्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग उखर्डू वळला, मऊ गवताची जागा पाहिली, गुडघ्यावर बसला आणि बॉल हळूच, डाग पडणार नाही अशा बेताने खाली ठेवला. हात काढून घेतले. आणि पुढचा घड घ्यायला परत उभा राहिला.

समोरचा फॉरवर्ड दोन सेकंद थांबला. त्याला वाटलं, नियमच बदलला असेल. मग त्याने बॉल पायाने जाळ्यात ढकलला.

असं पाच वेळा झालं. पाचही फटके उखर्डूने अप्रतिम अडवले आणि पाचही वेळा माल व्यवस्थित उतरवून ठेवला. नाना बाहेरून सांगत होते की खाली ठेवू नकोस. उखर्डू मान हलवायचा, बॉल झेलायचा आणि हातांना जे वीस वर्षं माहीत होतं ते हात करायचे.

दुसरी मॅच नरडाण्याला. संघ केळीच्याच ट्रकमधून गेला. तिथल्या लोकांनी आधी ट्रकमध्ये वाकून पाहिलं आणि नुसतेच खेळाडू आहेत म्हटल्यावर ते जरा नाराज झाले. तिथलं मैदान उतरतं होतं. उखर्डूने पहिला बॉल झेलून खाली ठेवला, तो कोणी हात न लावता, पाय न लावता, स्वतःच्या मनाने गोलमध्ये गेला. तो गोल कोणाच्या नावावर लिहायचा हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

उखर्डूने यावर विचार केला. त्याच्या कमरेला त्याची चुंबळ खोचलेली होती. घड वाहताना खांद्यावर आणि हंडा वाहताना डोक्यावर ठेवतात ते कापडाचं गोल कडं. ही चुंबळ बेबाबाईच्या हिरव्या लुगड्याची होती, तिने स्वतः वळलेली. दिवसा ती उखर्डूच्या खांद्यावर असायची आणि सकाळ-संध्याकाळ बेबाबाईच्या डोक्यावर. उखर्डूने ती गोलसमोर ठेवली आणि पुढचा बॉल झेलून तिच्यावर बसवला. बॉल हलला नाही. नरडाण्याच्या कॅप्टनने, वना त्याचं नाव, तो तसाच अलगद चुंबळीवरून उचलल्यासारखा मारला आणि गोल केला. पण गोल करूनही त्याचं समाधान झालं नाही. तो रेफ्रीकडे गेला.

"सर, हाई काय शे? आम्ही बठ्ठा उघडा पायवर खेळतस, आनि यास्ना बॉलले गादी?"

रेफ्री होते मगनसर, शाळेत कवायत शिकवणारे. त्यांनी खिशातलं नियमांचं पुस्तक काढलं आणि मॅच थांबवून पहिल्या पानापासून वाचलं. पुस्तकात चुंबळ नव्हती. असावी असंही म्हटलेलं नव्हतं, नसावी असंही नाही. तेव्हा सरांनी ती जप्त केली, त्याच दिवशीच्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि अहवालासह लीगकडे, म्हणजे माझ्याकडे दिली. मॅच सावदा तीन-शून्य हरलं.

मी फाईल उघडली. विषय : चुंबळ, एक नग, हिरवी. कमिटीच्या पुढच्या बैठकीत तिचं माप घेण्यात आलं. ती कपडा आहे की साधन, यावर दीड तास चर्चा झाली. एक सभासद म्हणाले, अंगावर असेल तर कपडा, जमिनीवर ठेवली तर साधन. दुसरे म्हणाले, मग बॉलखाली असेल तर ती बॉलचा कपडा होईल. यावर चहा आला. विषय पुढच्या बैठकीवर ठेवला. पुढच्या बैठकीत तो त्याच्या पुढच्या बैठकीवर ठेवला. चुंबळ माझ्या कपाटात कुलपात गेली. लीगकडे कुलूप लावण्यासारखी दुसरी वस्तू नव्हती.

इकडे सावद्यात दोन मॅच, आठ गोल, शून्य गुण. उखर्डूला रात्री झोप लागेना. नाव खोडलं जाणार आणि दारावरचं ऊन जाणार, हे त्याला समोर दिसत होतं. नाना गोलकीपर बदलायच्या विचारात होते. तेव्हा बेबाबाई नानांच्या दारात आली. चुंबळ नसल्यामुळे हंडा कडेवर घेऊनच आली, आणि ते नानांना दिसावं अशाच बेताने उभी राहिली. "नाना," ती म्हणाली, "त्याले खाली ठेवू नको म्हनू नका. वीस वर्सं तेच तर केलं त्यानं. त्याच्या हातातून घेनारा कोठी हाये, ते पाहा ना."

नानांना ते तिथल्या तिथे पटलं, पण घेणारा हा जीवराम आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी अर्धा तास विचार केला. जीवराम ट्रकमध्ये उभा राहून घडांची थप्पी लावायचा. उखर्डू आणणार, जीवराम घेणार. वीस वर्षांची जोडी. जीवरामचा स्वभाव असा की त्याला संघात बारावा म्हणून बाहेर बसवलेलं होतं, आणि तो बाहेर बसूनही अकराच्या अकरा जणांना शिव्या घालायचा. शिवाय ट्रक भरून झाला की मागचा फाळका तो हाताने लावत नसे. लाथ मारून लावायचा. वीस वर्षं, रोज दोनदा-तीनदा, एकाच पायाने.

तिसऱ्या रविवारी जीवराम गोलच्या डाव्या हाताला फुलबॅक म्हणून उभा राहिला. पहिला फटका आला, उखर्डूने झेलला.

"घे," उखर्डू म्हणाला.

"आण," जीवराम म्हणाला.

उखर्डूने बॉल जीवरामच्या पायाशी अलगद ठेवला आणि जीवरामने फाळका लावला. बॉल मध्यरेषेवरून गेला, समोरच्या फुलबॅकच्या डोक्यावरून गेला आणि भिकनच्या पायात पडला. भिकन नानांच्या काट्यावर घड तोलायचा. आयुष्यात त्याला काही आयतं मिळालेलं नव्हतं. तो गांगरला आणि गांगरण्यात गोल झाला.

ही मॅच धरून पुढच्या सात मॅचेसमध्ये सावद्याने चार जिंकल्या, एक बरोबरीत सोडवली. "घे" आणि "आण" हे दोन शब्द गावातली पोरं गल्लीत ओरडू लागली. लोक मॅच बघायला येत ते गोल बघायला नाही, उतरवण बघायला. उखर्डूचे रविवार एकामागून एक येत गेले, शेंगांची टरफलं ओट्याखाली साचत गेली.

होळीच्या आदल्या रविवारी, शेवटच्या मॅचच्या सकाळी मी गुणांचा तक्ता टाइप केला आणि मशीन बिघडलं असेल म्हणून पुन्हा टाइप केला. सहाही संघांचे नऊ-नऊ गुण होते. जिंकणाऱ्याला दोन, बरोबरीला एक. सकाळी उरलेल्या चार संघांच्या दोन्ही मॅचेस बरोबरीत सुटल्या. त्यांचे झाले दहा-दहा. दुपारी जळगावच्या मैदानावर सावदा आणि सातपुड्याच्या पायथ्याचा संघ. त्या संघाचा कॅप्टन दिलवरसिंग. हे लोक मोहाच्या झाडांमधून बॉल काढायला शिकलेले, त्यामुळे मोकळ्या मैदानात त्यांना अडवायला कोणी उरतच नसे. सावदा जिंकलं तर अकरा गुण, पहिला नंबर, तिसरा विभाग. हरलं तर शेवटचा नंबर. बरोबरी झाली तरी शेवटचाच, कारण सुरुवातीचे ते आठ गोल अजून मानेवर बसलेले होते. म्हणजे मध्ये काही नव्हतं. वर, नाहीतर यादीच्या बाहेर.

सावद्याहून तीन ट्रक माणसं आली. बेबाबाई पहिल्या ट्रकमध्ये होती.

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा शून्य-शून्य. भिकनने समोरचा गोल चुकवला, तेव्हा जीवरामला राहवलं नाही. तो जागा सोडून थेट मध्यरेषेपर्यंत गेला आणि भिकनच्या वजनकाट्यापासून आजोबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. तेवढ्यात त्याच्या पोटरीत गोळा आला. तो तिथेच, रेषेच्या अलीकडे, पाय धरून बसला. बसल्या बसल्या बोलणं चालू होतं.

इकडे दिलवरसिंगने फटका मारला. उखर्डूने झेलला.

"घे," तो म्हणाला.

डाव्या हाताला कोणी नव्हतं.

दिलवरसिंगच्या माणसांना एव्हाना सगळं माहीत होतं. घेणारा नाही म्हणजे हा आता बॉल खाली ठेवणार. सगळे दहा जण उखर्डूभोवती अर्धगोल करून, अदबीने वाट बघत उभे राहिले. त्यांचा गोलकीपरसुद्धा मध्यरेषेच्या पुढे आला; इतकं ऐकलं होतं, त्याला तो प्रकार एकदा जवळून बघायचा होता.

उखर्डू वाकला. गुडघे टेकले. हात खाली जाऊ लागले. मला रेषेवरून त्याचा चेहरा दिसत होता. त्याने मऊ जागा पाहिली, मग मान वर करून लांब बसलेला जीवराम पाहिला. आणि मग वीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते त्या माणसाने केलं. उभा राहून, दोन्ही हात डोक्यामागे नेऊन त्याने माल फेकला.

नानांनी डोळे मिटून घेतले. त्यांना तो घडच दिसला असणार.

"आण," जीवराम लांबून म्हणाला. बॉल त्याच्यासमोर टप्पा घेऊन आला. तो एका पायावर उठला आणि दुखऱ्या पायाने त्याने ट्रकचा फाळका असा लावला की तो आवाज सावद्यापर्यंत गेला असं सावद्याचे लोक अजून सांगतात. समोर कोणीच नव्हतं. बॉल एकटाच निघाला, दोन टप्पे खाल्ले, मग चालू लागला, आणि बाजारातून निवांत घरी आलेल्या माणसासारखा गोलमध्ये शिरला. दिलवरसिंगची माणसं पळायची विसरली. दिलवरसिंग स्वतः आधी हसला, मग त्याने उखर्डूच्या पाठीवर थाप मारली.

पुढचा गोंधळ मी वर्णन करत नाही. ज्या ट्रकमधून माणसं आली होती तेच ट्रक वाजवले गेले. जीवरामला चौघांनी उचललं, आणि त्याने चौघांनाही नीट उचलता येत नाही म्हणून सुनावलं. दिलवरसिंगचा संघ नियमाने यादीतून खोडायचा होता. पण तो खोडल्याने चौथ्या विभागात एक जागा रिकामी झाली, तिच्यासाठी अर्ज एकच आला, तो दिलवरसिंगचा, आणि तो मी तिथेच मंजूर केला. मंजूर करायचा अधिकार मला नव्हता. टाइपरायटर होता.

बक्षीस द्यायला धुळ्याहून मोठे पाहुणे आले होते. त्यांनी ढाल दिली, भाषण केलं, आणि गहिवरून उखर्डूला माइकसमोर बोलावलं. खानदेशच्या मातीचं नाव तू उज्ज्वल केलंस, म्हणाले. आज तू काय मागशील ते मिळेल. मैदान म्हण, बूट म्हण, संकोच करू नकोस. नाना पुढे सरकले. मगनसरांनी शिट्टी खिशात ठेवली.

उखर्डूने पाहुण्यांकडे पाहिलं, गर्दीत बेबाबाईकडे पाहिलं, आणि मग माइक सोडून माझ्याकडे वळला.

"साहेब, उद्या सोमवार हाये. माही चुंबय तेवढी द्या."