न पळालेला ससा

कुवेतमधल्या अब्दली भागातल्या मळ्यावर शुक्रवारी सकाळी दोन्ही कुटुंबं पोचली, तेव्हा राखणदार तौफीक फाटकाशीच उभा होता आणि त्याच्या हातात तीन मेलेले ससे लोंबत होते.

मळा मोरेश्वर निकमांच्या कुवेती साहेबाचा. थंडीत एखादा शुक्रवार तो निकमांना वापरायला द्यायचा, आणि निकम शेजारच्या काळ्यांना घेतल्याशिवाय जात नसत. कुवेत शहराजवळच्या अब्बासिया वस्तीत एकाच मजल्यावर समोरासमोर नऊ वर्षं राहिलेली ही दोन घरं. निकम मूळचे मालेगावचे, पन्नाशी ओलांडलेले, खाण्याचे शौकीन. शत्रुघ्न काळे त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, तेलाच्या पाइपांचे सांधे तपासणारा इन्स्पेक्टर. कामात काटेकोर आणि बोलण्यात मोजका.

तौफीक बांगलादेशचा. तोडक्यामोडक्या हिंदीत त्यानं सांगितलं, की वाळवंटातले ससे कुंपणाखालून शिरतात आणि लसूणघास फस्त करतात, म्हणून मालकानं जाळी लावायला सांगितली. दोन ससे पहाटे जाळीत सापडले. तिसरा मात्र आत्ता, तासाभरापूर्वी, पंपाच्या खोलीमागे मिळाला.

"ये तो भागा ही नहीं साब," तौफीक हसून म्हणाला. "बैठा रहा. मैंने हाथ से उठाया."

निकमांना हर्ष झाला. मामाच्या गावी लहानपणी खाल्लेल्या सशाची चव त्यांनी गाडीतून उतरता उतरता दोनदा वर्णन केली, बाह्या सरसावल्या आणि सुरी मागवली. शत्रुघ्नचं मात्र त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. तो तिसऱ्या सशाकडे बघत होता. ससा वाळला होता, अंगावरचे केस विस्कटलेले होते, नाकाशी काहीतरी सुकून चिकटलं होतं.

न पळणारा ससा खायचा नसतो. हे वाक्य त्याला त्याच्या बापाच्या आवाजात आठवलं, आणि बापाच्या भाषेत.

शत्रुघ्न फासेपारधी. कळंब तालुक्यात गावाबाहेरच्या गायरानावर त्यांची पालं होती. बाप फासे लावून तितर, ससे धरायचा आणि प्रत्येक जनावर उजेडात धरून, उलटंपालटं करून बघितल्याशिवाय चुलीपर्यंत जाऊ द्यायचा नाही. गावात चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा पालांवर यायचे. दोनदा त्यांनी बापाला काही कारण नसताना नेलं होतं. पुढं आश्रमशाळा, आयटीआय, डिप्लोमा असं करत शत्रुघ्न कुवेतला आला आणि इथं विचारणाऱ्याला "आम्ही मराठवाड्यातले" एवढंच सांगत राहिला. त्याच्या बायकोला, सुजाताला, सगळं ठाऊक होतं. तेरा वर्षांच्या अक्षराला नव्हतं. तो आईशी फोनवर बोलायचा तेव्हा बाल्कनीचं दार लावून घ्यायचा. अक्षराची समजूत अशी, की बाबा आजीशी गुजराती बोलतात, कारण आजी पूर्वी कधीतरी गुजरातेत राहिली असेल.

आणि निकमांना सांगायची तर सोयच नव्हती. तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या जेवणावळीत निकमांनीच रंगवून सांगितलं होतं, की त्यांच्या चुलत्याच्या शेतावर दरोडा पडला तो पारध्यांनीच घातला, ती जातच तसली. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. शत्रुघ्ननं ताटातला भात संपवला होता.

निकमांनी सुरी घेतली. नेमका तो न पळालेला ससाच त्यांनी फळीवर आडवा टाकला. त्यांच्या अंगठ्यावर कालच भाजी चिरताना कापलेली जखम होती, पट्टी सुटून लोंबत होती.

"भाऊ, सुरी खाली ठेवा," शत्रुघ्न म्हणाला.

"का रे?"

"हा आजारी आहे. कापलेल्या हातानं त्याला शिवू नका."

"मेलेल्या सशाला काय आजार? तौफीकनं रीतसर कापलाय."

"कापायच्या आधीच अर्धा गेला होता तो. चांगला ससा माणसाच्या हाती बसल्या जागी लागत नाही."

निकमांनी सुरी ठेवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं. "तुला रे काय माहीत?" त्यांनी विचारलं.

इंटरनेटवर वाचलं, असं म्हणता आलं असतं. शत्रुघ्नच्या तोंडापर्यंत ते आलंही. त्याऐवजी तो गाडीकडे गेला आणि साइटवरचे रबरी हातमोजे, प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. सुजातानं त्याच्याकडे पाहिलं. काय होणार ते तिच्या ध्यानात आलं असावं, कारण ती अक्षराच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

त्यानं सगळ्यांना मागं सरकायला सांगितलं. सशाचं पोट अलगद उघडलं, आतलं फाटू न देता. काळीज, म्हणजे यकृत, हळूच बाहेर घेतलं आणि उन्हात धरलं. त्यावर रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके होते. पानथरी, म्हणजे प्लीहा, फुगून काळपट पडली होती. पुढच्या पायाच्या बगलेतली गाठ सुजलेली होती.

"बघा," तो म्हणाला. "याला पुरायचा. खोल, कुत्री उकरणार नाहीत असा."

निकम जवळ आले, वाकून पाहिलं आणि दोन पावलं मागं गेले.

मग फळी उकळत्या पाण्यानं धुवून घेतली. नवे हातमोजे, दुसरी सुरी. पहाटेचे दोन ससे भरलेले होते, केस चकचकीत होते. पहिल्याचं काळीज एकसारखं तांबूस आणि गुळगुळीत निघालं. दुसऱ्याचंही, फक्त आतड्याच्या पडद्यावर द्राक्षाच्या बियांएवढे पाण्याचे चार-पाच फोड होते. निकमांचा चेहरा पुन्हा उतरला.

"हे जंताचे. माणसाला बाधत नाहीत," शत्रुघ्न म्हणाला. "काढून टाकायचे, कुत्र्याला घालायचे नाहीत. दोन्ही खाता येतील. मात्र मांस हाडावरून सुटेपर्यंत शिजवायचं, अर्धकच्चं नको."

"बाबा, हाऊ डू यू नो ऑल धिस?" अक्षरानं विचारलं.

तो हातमोजे काढत होता. ते उलटे करून पिशवीत टाकीपर्यंत त्यानं वेळ घेतला.

"तुझे आजोबा शिकारी होते," तो म्हणाला. "फासे लावायचे. आपण पारधी आहोत, अक्षरा. मी फोनवर आजीशी बोलतो ती गुजराती नाही. ती आपली भाषा आहे."

एवढं बोलून झाल्यावर त्यानं निकमांकडे पाहिलं. निकम खाली बघत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मग मला का नाही शिकवली?" अक्षरा मराठीत म्हणाली. तिचा राग खरा होता, पण भलत्याच गोष्टीवर होता. शत्रुघ्नला हसू आलं.

ससा पुरून झाल्यावर निकम आपणहून त्याच्या मागं नळाशी गेले. शत्रुघ्न कोपरापर्यंत साबण लावून हात धूत होता.

"गणपतीत मी काहीबाही बोललो होतो," ते म्हणाले.

"आठवतंय मला."

"तू काही बोलला नाहीस तेव्हा."

"काय बोलणार होतो? पंगत बसली होती."

निकमांनी नळ बंद केला, मग उगाच पुन्हा सुरू केला. "चुकलं माझं. चुलत्यानं सांगितलं, मी सांगत गेलो. कोणी पाहिलं, कोणी पकडलं, मी कधी विचारलंसुद्धा नाही." मग थोडं थांबून, "चुलीपाशी तू बस. मला अंदाज नाही याला किती वेळ लागतो त्याचा."

शत्रुघ्न चुलीपाशी जाऊन बसला. दुपारी सगळे जेवले. मांस जरा चिवट होतं आणि मिठाला कमी होतं, तरी निकमांनी तीनदा वाढून घेतलं.

पण प्रकरण तिथं संपलं नाही. तौफीकनं तो आजारी ससा उघड्या हातानं उचलला होता, आणि त्याचे हात कुंपणाच्या तारेनं ओरखडलेले होते. निघताना शत्रुघ्ननं त्याला बजावलं: ताप आला, हाताला फोड आला, बगलेत दुखलं, तर लगेच फोन कर. मंगळवारी दुपारी फोन आला. तिन्ही गोष्टी झाल्या होत्या.

शत्रुघ्ननं निकमांना फोन करून सांगितलं. अर्धी रजा टाकून तो घरी आला, तर खाली निकम गाडी सुरू करून बसलेले. मळ्यावर तौफीक चटईवर कुडकुडत पडला होता. त्याची बताका, म्हणजे ओळखपत्र, उशीखालून शोधून त्यांनी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर हिंदी बोलणारी तरुण मुलगी होती. आधी साधा ताप म्हणून गोळ्या लिहायला लागली, तेव्हा शत्रुघ्ननं तिला सशाचं सगळं सांगितलं: तो कसा बसून होता, काळजावरचे ठिपके, फुगलेली पानथरी. तिचं पेन थांबलं. तिनं तौफीकची बगल तपासली, वरच्या डॉक्टरांना बोलावलं, रक्त घेतलं आणि त्याला भरती करून वेगळं औषध सुरू केलं.

"हे सांगितलंत ते फार बरं केलंत," ती म्हणाली. "सशापासून आलेला ताप असेल, हे आम्हाला एरवी सुचलं नसतं. तुम्ही जनावरांचे डॉक्टर आहात का?"

"नाही," शत्रुघ्न म्हणाला. "माझे वडील पारधी होते."

तिला त्या शब्दाचा अर्थ कळला नाही, तिनं फक्त मान डोलावली. शेजारी उभ्या निकमांनी मात्र तो अर्थ डॉक्टरीणबाईंना हिंदीत समजावून सांगितला, जंगल जाणणारी माणसं म्हणून, आणि जरा जास्तच लांबवला.

मळ्यावर जेवलेल्या कोणालाच काही झालं नाही. तरी सुजाता रोज सकाळी अक्षराच्या कपाळाला हात लावून बघत होती.

शुक्रवारी दवाखान्यातून तौफीकचा फोन आला. रक्ताच्या तपासणीचा निकाल अजून यायचा होता, पण ताप उतरला होता, गाठ बसायला लागली होती आणि त्याला भूक लागली होती. शत्रुघ्नचा जीव भांड्यात पडला. त्यानं पलीकडच्या दारावर थाप मारून निकमांना सांगितलं. निकम बनियनवरच बाहेर आले, "चला, सुटलो" म्हणाले आणि तिथंच जिन्यात पायरीवर बसले. शत्रुघ्नही त्यांच्या शेजारी टेकला. खरं तर दोघांनाही घरात कामं होती, पण बराच वेळ कोणी उठलं नाही.