उचकी

विल्डा केसलरने यंत्राच्या स्पीकरचा आवाज मोठा केला.

"गाणी ऐकायला जमलोय का आपण?" एमेट स्ट्राउड म्हणाला.

तिने बटण आणखी थोडं फिरवलं. पन्नासच्या दशकात फिलाडेल्फियाच्या त्या संगणक कंपनीत यंत्राला स्पीकर जोडलेला असायचाच; आत काय चाललंय ते कानाला कळायचं. एखादा प्रोग्रॅम एकाच जागी गरगरायला लागला की यंत्र चालवणारी नेट्टा हातातला कॉफीचा कप खाली न ठेवता सांगायची, अडकला म्हणून.

आज निकाल लागायचा होता. चार वर्षं खपून विल्डाने यंत्राला कामं सांगायची एक भाषा बांधली होती. कारकुनालाही कळेल अशा साध्या शब्दांत हुकूम लिहायचे आणि त्यांचे आकडे यंत्राकडूनच करून घ्यायचे. स्ट्राउडला आणि त्याच्या कंपूला ही कल्पनाच सोसत नव्हती. आकडे मांडावेत ते आपल्याच हातांनी, असा त्यांचा तोरा. जेवणाच्या टेबलावर ते 'बायकांचं शॉर्टहँड' म्हणून खिदळायचे. शेवटी संचालक रक्स्टनने सामनाच लावून दिला. विम्याचं एकच काम, महिन्याची मुदत, दोघांनी आपापल्या पद्धतीने करायचं; यंत्रावर ज्याचं लवकर उरकेल तो जिंकला. विल्डा हरली तर तिचं खातं बंद आणि भाषा अडगळीत.

तिचा प्रोग्रॅम सकाळीच चालून झाला होता. आता स्ट्राउडची पाळी होती.

टेपा फिरू लागल्या. स्पीकर घरघरला, मग एक बारीकशी उचकी. पुन्हा घरघर, पुन्हा उचकी. विल्डाने ती लगेच ओळखली. दर हुकुमानंतर आपलंच काम एकदा तपासून बघायचं, ही खोड तिनेच आपल्या भाषेला लावली होती, यंत्रावर फारसा भरवसा नव्हता त्या दिवसांत; उचकी त्या तपासणीचीच. हाताने लिहिणारा कुणीही हा फुकटचा हेलपाटा घालणार नाही. स्ट्राउड तर त्या उचकीवरूनच तिची टिंगल करायचा. नेट्टाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

यंत्र थांबलं. रक्स्टनने घड्याळ बघितलं.

"स्ट्राउड पुढे. थोडक्यात, पण पुढे."

"हाताची कमाई आहे, सर."

विल्डाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "नेट्टा, पुन्हा लाव. सर, जरा कान देऊन ऐका."

"मला काय कळणार त्यातलं?"

"मग नेट्टाला विचारा."

नेट्टाने आधी स्ट्राउडकडे पाहिलं. "हे विल्डाच्या भाषेतलं काम आहे, सर. वरून थोडा हात फिरवलाय, एवढंच. सकाळी तिच्या कामातही हीच उचकी ऐकली."

स्ट्राउडचे कान लाल झाले.

"एवढं सगळं महिन्याभरात हाताने होतं का?" तो पुटपुटला. "माणसाने करायचं तरी काय?"

"चार वर्षं मी दुसरं काय सांगतेय?" विल्डा म्हणाली.

रक्स्टनला हसू आलं. "म्हणजे भाषा चालते. छान झालं. सोमवारपासून हे खातं स्ट्राउड बघेल."

"कोण?"

"चिडू नकोस. डोकं तुझंच आहे, ते कोण नाही म्हणतंय? पण विमेवाले ऐकणार कुणाचं? ज्याच्याबरोबर गोल्फ खेळता येतो त्याचं. त्यातून इतके दिवस भाषेला शिव्या घालणाराच आता ती विकतोय म्हटल्यावर शंका कोण काढेल? तुझी भाषा जगली ना? मग झालं तर."

चोर तिने पकडून दिला आणि किल्ल्या त्याच्याच हातात गेल्या. तिच्या तोंडाला पानं पुसली, तीही हसत हसत. विल्डाने कोट उचलला. रागाने तिला धड बाहीत हातही घालता येईना.

दाराशी स्ट्राउड आडवा आला. आवाज खाली आणून म्हणाला, "ती उचकी तेवढी सोमवारच्या आत काढून देशील? गिऱ्हाइकाला खटकेल. कुठून येते ते मला सापडत नाही."

तिने सावकाश सगळी बटणं लावली.

"राहू दे ती," विल्डा म्हणाली. "भाषा कुणी चोरली की तिच्यामुळे कळतं."