साडूची काठी

दोन बहिणींच्या दोन नवऱ्यांना एकच छंद लागला, इथेच सगळं बिघडलं. थोरला साडू स्टुडिओवाला. "हनुवटी जरा वर" म्हणत जन्मभर पासपोर्टचे फोटो काढणारा. पण पक्ष्यांच्या वार्षिक प्रदर्शनात दारासमोरच्या भिंतीवर फोटो लागायचा तो त्याचाच, आणि तेवढ्यावर गडी वर्ष काढायचा. धाकटा साडू दातांचा डॉक्टर. कॅमेरा कालपरवा घेतलेला, लेन्स मात्र हातभर लांब. गेल्या वर्षी ती भिंत डॉक्टरने पटकावली. तेव्हापासून स्टुडिओवाल्याच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर कुठल्याच डॉक्टरकडे औषध नव्हतं.

यंदा दोघं गप्पीदासासाठी वाळवंटात आले. गप्पीदास म्हणजे चिमणीहून लहान, काळ्या डोक्याचा, केशरी छातीचा बडबड्या. पण बडबडायला त्याला उंच जागा लागते, आणि इथे तर नजर जाईल तिथवर सपाट वाळू. म्हणून फोटोवाले एक काठी रोवतात आणि लांब जाऊन पोटावर पडून राहतात. ही युक्ती डॉक्टरला शिकवली कोणी? स्टुडिओवाल्यानेच. त्याबद्दल तो आता स्वतःलाच शिव्या घालत होता.

दोघांनी आपापल्या काठ्या रोवल्या. पक्षी आला तो थेट डॉक्टरच्या काठीवर. उडाला, फिरून तिथेच. थोरल्याच्या काठीकडे ढुंकूनही बघेना.

"साडूभाऊ, इकडे या ना, इथून झकास दिसतोय," डॉक्टर म्हणाला.

जळत्या माणसाला असं प्रेमाने बोलावण्यासारखा छळ नाही. "असू दे, बरा आहे मी इथे," स्टुडिओवाला म्हणाला.

पक्षी जरा लांब गेला तसा डॉक्टर कॅमेरा गळ्यात घेऊनच चहाचा थर्मास आणायला गाडीकडे गेला. स्टुडिओवाल्याने सरपटत जाऊन त्याची काठी उपटली आणि काखेखाली दाबली. परत फिरणार, तोच गप्पीदास आला. काठी गायब. सवयीच्या जागी उंच असं एकच उरलं होतं, स्टुडिओवाल्याचं डोकं. टोपीवर बसून पक्ष्याने दोन खडे आपटल्यासारखी टकटक सुरू केली.

याचा कॅमेरा तिकडे जागेवर पडलेला. पण बसलेला पक्षी उडवायचा नाही, ही जन्माची सवय. तो निपचित पडून राहिला. थर्मास घेऊन परतलेला डॉक्टर समोर गुडघ्यावर बसला, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि याची हनुवटी आपोआप जरा वर झाली.

प्रदर्शनात दारासमोर तोच फोटो लागला. टोपीवर गप्पीदास, खाली ओशाळलेला चेहरा, आणि नीट बघितलं तर काखेतून डोकावणारं काठीचं टोक. डॉक्टरने ते कापलं नव्हतं, आणि त्यावर चकार शब्दही काढला नव्हता.

"अहो, तुमचा इतका चांगला फोटो आजवर कोणी काढला नव्हता," थोरल्याची बायको त्याला म्हणाली. खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

मागून कोणीतरी विचारलं, "फोटो कोणाचा हो हा?"

डॉक्टरने थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या साडूभाऊंचा."

याच एका वाक्यासाठी थोरल्याने वर्षभर जीव टाकला होता. आणि त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. स्टुडिओवाला पुढे सरकला आणि काठीचं टोक झाकलं जाईल असा उभा राहिला.