खोटी हजेरी

"बघितलं होतं सर. दर वेळी पेटीजवळ जाऊन बघितलं होतं," सिस्टर म्हणाली. "दर वेळी छत्तीस पॉइंट सातच होतं."

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला. "अख्ख्या ड्यूटीभर?"

"हो सर."

"जराही इकडे नाही की तिकडे नाही? अहो सिस्टर, माणसाचं अंग आहे ते. भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर नाही."

पेट्या बनवणाऱ्या कंपनीचे साहेब हलकंसं हसले. खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. कमी दिवसांचं बाळ ऊब मिळावी म्हणून काचेच्या पेटीत ठेवलेलं, आणि संध्याकाळी त्याची आजी बघायला आली तेव्हा ते गारठून पडलेलं. पेटीतली ऊब कधी बंद पडली कुणाला पत्ता नाही, भोंगा वाजला नाही. सिस्टरने बाळाला उचलून दुसऱ्या पेटीत ठेवलं, घाबऱ्या घाबऱ्या पहिली पेटी बंद करून परत चालू केली, आणि काही झालंच नाही अशा थाटात ती चालू झाली. नंतर कितीही तपासली तरी सुरळीत. मग चूक कुणाची? पेटीला तर काही विचारता येत नाही, म्हणून सगळे सिस्टरला विचारत होते.

"हात लावून बघायला हवं होतं, ते माझं चुकलंच," ती म्हणाली. "एक जण रजेवर होती, सगळ्या पेट्या माझ्याच गळ्यात आल्या होत्या. पण सर, आकडा मी बघितला होता. न बघता सांगितलं नाही."

तिचं म्हणणं खरं आहे हे कळणारा माणूस त्या खोलीत एकच होता, आणि तो टेबलाच्या पायाकडे टक लावून बसला होता. साहेबांनी सोबत आणलेला कंपनीतला जुना प्रोग्रॅमर. ऑफिसात त्याला सगळे काका म्हणत.

सिस्टर अचानक काकांकडे वळली. "काका, या पेटीतलं सगळं तुम्हीच बनवलंय ना? माझ्या हातून एखादं बटण उलटसुलट दाबलं गेलं असेल का हो?"

"तसं... बघावं लागेल," काका म्हणाले.

डोंबलाचं बघायचं होतं! काकांना सगळं ठाऊक होतं.

यंत्राच्या पोटात नखाएवढा कॉम्प्युटर असतो. त्याने काय करायचं, कुठल्या क्षणाला करायचं, हे त्याला शिकवणं हा काकांचा जन्मभराचा धंदा. आधी पाण्याचे पंप, मग लिफ्ट, आता या पेट्या. काकांचा प्रोग्रॅम अडकत नाही अशी त्यांची ख्याती होती, आणि ती त्यांना आवडायची. चहाच्या वेळी नव्या पोरांना ऐकवायचे, "मोबाईल अडकला तर माणूस शिव्या घालतो आणि गप्प बसतो. आपलं यंत्र अडकलं तर कुणाच्या तरी जिवावर बेततं, लक्षात ठेवा." पोरं माना डोलवायची. बोलायला काय जातंय!

अशा प्रत्येक यंत्रात एक राखणदार बसवलेला असतो. राखणदार म्हणजे एक वेगळं, मठ्ठ घड्याळ. प्रोग्रॅमने ऊब मोजायची, हीटर सांभाळायचा, धोका दिसला तर भोंगा वाजवायचा, आणि फेरी पुरी झाली की राखणदाराला सांगायचं, हजर. हजेरी चुकली की राखणदार विचारपूस करत नाही, सरळ यंत्र बंद करून नव्याने चालू करतो. झोपलेल्याच्या तोंडावर पाणी मारावं तसं.

या पेट्या सुरुवातीला मधूनच अशा बंद-चालू व्हायच्या. गिऱ्हाइकं ओरडायला लागली. साहेब खुर्ची ओढून काकांच्या शेजारी बसले. "काका, प्रदर्शन तोंडावर आलंय. हे बंद-चालू तेवढं थांबवा ना. कसंही करा."

प्रोग्रॅम मुळात कुठे अडकतो ते शोधायला हवं होतं. ते खोदकाम किती दिवस चालेल याचा नेम नव्हता. काकांनी सोपा रस्ता धरला. हजेरी द्यायचं काम प्रोग्रॅमकडून काढून यंत्रातल्याच एका टायमरला दिलं. टायमर आपला ठोक्याला ठोका देत राहणार, प्रोग्रॅम जागा असो की आडवा पडलेला असो. कॉलेजात गैरहजर दोस्ताची प्रॉक्सी लावतात, तसला प्रकार. एका ओळीचा बदल. आत्तापुरता म्हणून केला. बंद-चालू थांबलं, साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, आणि त्या ओळीकडे परत जायला काकांना कधी सवड झाली नाही.

हॉस्पिटलातून परत आल्या आल्या त्यांनी तसलीच एक पेटी टेबलावर घेतली. बाळाला कुशीवर वळवताना ऊब मोजायला त्याच्या अंगाला चिकटवलेली वायर ओढली जाते. काकांनी ती ओढून बघितली, ढिली करून बघितली. कितीतरी वेळा काहीच झालं नाही. मग एकदा झालं. वायरीकडून उत्तर येईल म्हणून प्रोग्रॅम जो वाट बघत बसला तो बसलाच. ऊब बंद, भोंगाही बंद. आकडा मात्र तसाच झळकत राहिला आणि हिरवा दिवा मजेत लुकलुकत राहिला, कारण ती दोन्ही कामंही टायमरकडेच होती. काकांनी आत हात घातला. पेटी गार होत चालली होती. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की कुणी बघत नाही ना म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं.

साहेबांना बोलावून दाखवलं. साहेबांनीही आत हात घालून बघितला. मग म्हणाले, "दुरुस्त होईल ना?"

"होईल. पण बाहेर हॉस्पिटलांत गेलेल्या सगळ्या पेट्या आजच्या आज बाजूला काढायला सांगा. आणि त्या सिस्टरचं..."

"पेट्यांचं आत्ताच सांगतो. सर्व्हिसिंग म्हणून मागवून घेऊ. सिस्टरचं त्यांचं हॉस्पिटल बघेल. तुम्ही कशाला नसतं झेंगट अंगावर घेताय?"

"माझंच झेंगट आहे ते," काका म्हणाले. म्हणाले खरे, आणि मुकाट्याने जागेवर जाऊन बसले.

पेट्या परत आल्या. काकांनी प्रोग्रॅम अडकत होता ती जागा शोधून नीट केली आणि हजेरी ज्याची त्याला परत दिली. त्यात ते आठवडाभर गढून गेले. सिस्टरसाठी मात्र रोज उद्यावर ढकलत राहिले. घरी बायको म्हणाली, "कुणाशी भांडलात का?"

"नाही."

"मग जेवताना ताटाशी काय पुटपुटताय मघापासून?"

दुसऱ्या दिवशी काका साहेबांना न विचारता हॉस्पिटलात गेले आणि मोठ्या डॉक्टरांपुढे सगळं ओकून मोकळे झाले.

"हे तुम्ही त्याच दिवशी सांगायला हवं होतंत," डॉक्टर म्हणाले. "ती नोकरी सोडून गेली. आपण आकडा बघितला नसावा, असं स्वतःच कबूल करून गेली."

"नसावा? पण तिने तर बघितला होता."

"आम्ही विचारून विचारून तिलाच खात्री वाटेना. काय करणार बिचारी!" डॉक्टर कपाळ चोळायला लागले. "बोलावतो मी तिला परत. माफीही मागतो."

"आधी मला जाऊ द्या," काका म्हणाले.

सिस्टरच्या घरचं दार तिनेच उघडलं. "काका, तुम्ही?" काकांना आत यायला सांगावं हेही तिला सुचलं नाही, आणि काकांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगून टाकलं. ती ऐकत राहिली.

"म्हणजे आकडा होता?"

"होता."

"छत्तीस पॉइंट सात?"

"तुम्ही बघितलात तोच. दर वेळी."

तिने चौकट घट्ट धरली. "आणि मी तुम्हाला विचारलं, तेव्हा हे तुम्हाला माहीत होतं?"

खोटं बोलायला अजूनही वाव होता. "माहीत होतं," काका म्हणाले.

तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. ती आत वळली. "अहो, इस्त्री बंद करून इकडे या जरा."

तिचा नवरा अर्धवट इस्त्री केलेला शर्ट हातात घेऊनच बाहेर आला.

"यांना सांगा," ती काकांना म्हणाली. "पहिल्यापासून सांगा. आणि मशीनची भाषा नको."

काकांनी परत सांगितलं. राखणदार सांगितला, हजेरी सांगितली, प्रॉक्सी कुणी लावली ते सांगितलं. आपण 'बघावं लागेल' म्हणालो आणि गप्प बसलो, तेही सांगितलं. नवरा ऐकता ऐकता शर्टाची घडी घालत होता, मोडत होता.

"मी हिला विचारलं होतं," तो हळूच म्हणाला. "खरंच बघितलंस ना, म्हणून."

"तीनदा विचारलंत," ती म्हणाली.

त्याची मान खाली गेली. काकांची गेलेलीच होती. ती दोघांकडे बघत राहिली. मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "बाळ कसं आहे हो?"

काका उंबऱ्याकडे बघायला लागले.

"मला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. "आणि मी तरी कुठल्या तोंडाने विचारणार होते?"

पेटीतली वायर न् वायर काकांना पाठ होती. बाळाचं मात्र त्यांनी विचारलंच नव्हतं. साहेबांना नाही, आज समोर बसून डॉक्टरांनाही नाही. इतके दिवस स्वतःची लाज कवटाळून बसले होते, आणि बाळाची त्यांना आठवणही झाली नव्हती.

"माहीत नाही," ते म्हणाले. यापेक्षा वाईट उत्तर त्यांनी जन्मात कुणाला दिलं नव्हतं.

तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग टेबलावरचा फोन उचलला. "अगं, मी बोलतेय. हो, मीच. ऐक ना, आधी मला सांग, ते बाळ कसं आहे?"

पलीकडून कुणीतरी बोलत होतं. दोघे पुरुष तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"घरी गेलं?" ती म्हणाली. "अगं बाई! कधी? वजन भरलं?" ती तिथेच जमिनीवर बसली आणि हसता हसता रडायला लागली. नवरा तिच्याशेजारी जाऊन बसला.

काकांनी दार हळूच ओढून घेतलं. निघताना त्यांना 'या' म्हणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि ते बरंच झालं.