चौथं गाणं

चौथ्या गाण्याचं दुसरं कडवं चालू असताना राजेश्वरीला स्टेजच्या बाजूची खुर्ची रिकामी दिसली.

त्या खुर्चीत तिची आई, चंद्रव्वा, बसलेली असायला हवी होती. खुर्चीशी चपला होत्या, पाण्याची बाटली होती. आई नव्हती. राजेश्वरीचे हात ड्रमवर चालूच राहिले. समोर बार्शीच्या कॉलेजातली चारेकशे पोरं उड्या मारत होती, मृत्युंजय डोळे मिटून गात होता आणि गाणं संपायला अजून अडीच मिनिटं होती. तिने ती अडीच मिनिटं वाजवली. शेवटच्या झांजेचा आवाज विरायच्या आत काठ्या टाकून ती पायऱ्या उतरली.

आईवर लक्ष ठेवायला शेजारी बसवलेली कॉलेजची मुलगी गर्दीत व्हिडिओ काढत होती. "आत्ता तर हितंच होत्या की," ती म्हणाली आणि रडायला लागली. मंडपामागचं फाटक सताड उघडं होतं.

सोलापुरात नऊ वर्षं हे तिघं वाजवत होते. मृत्युंजय गिटार वाजवायचा आणि गायचा, जोतिराम बेस, राजेश्वरी ड्रम. बँडचं नाव 'बेचाळीस अंश'. शाळेच्या बँडात तिने साइड ड्रम गळ्यात घातला होता, तो कधी उतरलाच नाही. दिवसा ती चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासायची. या वर्षी जोतिरामच्या घरामागच्या खोलीत भिंतींना चादरी टांगून त्यांनी पहिला अल्बम रेकॉर्ड केला, 'सावली नाही'. तो अचानक लोकांना आवडला. नऊ गावांतून बोलावणी आली.

आणि त्याच वर्षी आईचा विसरण्याचा आजार वाढला. शेजारच्या कमलम्मा इतकी वर्षं सांभाळायच्या, पण त्यांनीही हात जोडले. "राजी, भ्या वाटतंय गं. परवा गॅस सुरू ठेवून झोपली की. मी माझं घर बघू का तुझं?" वडील नव्हते, भावंड नव्हतं. एका संस्थेत तिने आईला दोन दिवस ठेवून पाहिलं. आईने दोन्ही दिवस घास घेतला नाही. मग राजेश्वरीने आईची पिशवी भरली आणि तिला गाडीत खिडकीशी बसवलं. तुळजापूरचा कार्यक्रम नीट गेला, धाराशिवचाही. आई टाळ्यासुद्धा वाजवायची. निभेल, असं वाटायला लागलं होतं.

आता बार्शीत मृत्युंजय माइकवरून आईचं वर्णन सांगत राहिला. जोतिराम एसटी स्टँडकडे पळाला, राजेश्वरी बाजाराकडे. दिसेल त्याला ती विचारत होती. हिरवं लुगडं, पांढरे केस, अनवाणी. कुणी मान हलवायचं, कुणी तिच्याकडेच बघत राहायचं. एका ट्रकने करकचून ब्रेक दाबला तेव्हा ती तिकडे धावली. ट्रकसमोर एक कुत्रं होतं.

दीड तासाने, ऊन उतरताना, धान्याच्या अडतीपाशी आई दिसली. पोत्यांना टेकून बसली होती. टाचा फुटून रक्त वाळलं होतं. सांडलेलं धान्य झाडणारी एक बाई तिला तांब्याने पाणी पाजत होती.

"आई!"

चंद्रव्वाने वर पाहिलं आणि अंग चोरलं. "नी यारव्वा?" तिने कानडीत विचारलं. तू कोण गं बाई?

"मी राजी. तुझी लेक."

आईने त्या बाईचा पदर घट्ट धरला. ती बाई, केराबाई, मधे उभी राहिली. "म्हातारी तर वळकत न्हाय तुमाला."

"विसरती ती. आजार हाय तिला."

"आसंल की. पर मी कशी दिऊ? उद्या कुणी इचारलं तर काय सांगू?"

राजेश्वरीने स्वतःकडे पाहिलं. घामाने चिंब काळा बनियन, विस्कटलेले केस, गालांवर ओघळलेलं काजळ. फोन स्टेजवर राहिलेला. ती तिथेच मातीत बसली. केराबाईचं काही चुकत नव्हतं.

"तिच्या डाव्या हातावर बघा," ती म्हणाली. "कोपराच्या वर. सिद्धप्पा असं गोंदलंय. माझे वडील."

केराबाईने बाही वर सारली. तिला वाचता येत नव्हतं. तिने अडतीच्या दिवाणजीला हाक मारून ते वाचून घेतलं. मग बाजूला झाली आणि हळूच म्हणाली, "जावा घेऊन. पर वराडू नगा तिच्यावर."

आईने मात्र हात दिला नाही. तेवढ्यात धापा टाकत जोतिराम आला. त्याला पाहून तिचा चेहरा उजळला. "अण्णा," ती म्हणाली, "मनिगी होगूणू." घरी जाऊ या. अण्णा म्हणजे तिचा भाऊ, वीस वर्षांपूर्वी गेलेला. जोतिरामचा हात धरून ती निमूट चालू लागली. राजेश्वरी चार पावलं मागून चालत होती.

सोलापूरला परतताना आई झोपल्यावर ती म्हणाली, "मला दिसलं होतं. खुर्ची रिकामी दिसली होती. तरी मी गाणं पुरं केलं."

"अडीच मिनिटांनी काय फरक पडला असता?" मृत्युंजय म्हणाला.

"तेच मला कधी कळणार नाही."

अजून सहा गावं बाकी होती, विजयपूर, हुबळी, पार पुण्यापर्यंत. "तुझ्याशिवाय नाही जायचं," मृत्युंजय म्हणाला खरा, पण खिडकीबाहेर बघत राहिला. नऊ वर्षं त्याचीही गेली होती. तो कशाची वाट पाहतोय ते तिला कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच मानसिंगला फोन लावला. तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा.

तीन दिवस तिने त्याला अल्बममधली आठही गाणी शिकवली. आई दाराशी बसून असायची. तिसऱ्या दुपारी मानसिंगने चौथं गाणं एकही चूक न करता वाजवलं, अगदी तिच्यासारखं.

"जमलं का, ताई?"

"जमलं की," ती म्हणाली.

तो बसल्यावर त्याची टाच पेडलवर नीट टेकत नव्हती. तो उंचीने कमी होता. राजेश्वरीने त्याला उठवलं, गुडघ्यांवर बसून स्टुलाखालचा स्क्रू सैल केला, बैठक दोन बोटं खाली घेतली आणि स्क्रू पुन्हा घट्ट आवळला.

"आता बस," ती म्हणाली.